लसीच्या दुष्परिणामाचा अमेरिकेतला भरपाई दावा: तडजोडीआधी या चुका टाळा

अमेरिकेत अशी भरपाई मागताना सहसा थेट लस कंपनीला कोर्टात खेचता येत नाही. 1986च्या कायद्यानुसार आधी कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये (केंद्र सरकारविरुद्धचे दावे ऐकणारं कोर्ट) अर्ज करावा लागतो आणि समोर सरकारी वकील असतात. भरपाई मिळालेल्या दाव्यांपैकी बरेचसे तडजोडीनेच मिटतात.

मुदत निदानापासून मोजणे ही सर्वात महागात पडणारी चूक. पहिलं लक्षण दिसल्यापासून 3 वर्षं मिळतात, मग निदान कितीही उशिरा होवो. कोविड लसीचा दावा तर या कोर्टात चालतच नाही. त्याची योजना वेगळी आणि मुदत लस घेतल्यापासून फक्त 1 वर्ष.

पण बहुतेक दावे अडतात ते डॉक्टरांच्या नोंदींवर. लस टोचताना खांद्याला झालेल्या इजेत दुखणं 48 तासांत सुरू व्हायला हवं; फ्लूच्या लसीनंतरच्या गियां-बारे या मज्जातंतूंच्या आजारासाठी 3 ते 42 दिवस. रुग्ण दोन महिन्यांनी डॉक्टरकडे जातो, घाईत ‘थोड्या दिवसांपासून दुखतंय’ म्हणतो, आणि तेच कागदावर राहतं. सरकारी वकील नेमकं त्यावर बोट ठेवतात आणि देऊ केलेली रक्कम उतरते. म्हणून पहिल्याच भेटीत लसीची तारीख, ती डाव्या हाताला घेतली की उजव्या आणि दुखणं कधी सुरू झालं हे स्पष्ट सांगा. नोंद आधीच अपुरी असेल, तर घरच्यांची शपथपत्रं आणि त्या दिवसांतले मेसेज जोडा. त्रास लसीनंतर 6 महिन्यांहून जास्त टिकल्याचंही दाखवावं लागतं (शस्त्रक्रियेसह रुग्णालयात राहावं लागलं असेल तर अपवाद). चौथ्या महिन्यात उपचार सोडले आणि पुढचा कागदच नसेल, तर खरा दावाही लंगडा पडतो.

रक्कम मागताना विम्याने भरलेली बिलं धरू नका. खिशातून गेलेला खर्च, बुडालेला पगार आणि पुढच्या उपचारांचा खर्च मांडा. वेदनांसाठी कमाल 2,50,000 डॉलर मिळतात. वकिलाची फी कोर्ट वेगळी ठरवतं. तुमच्या रकमेतून टक्का मागणाऱ्याला ठाम नकार द्या.

सहीपूर्वी करारनामा शब्दन् शब्द वाचा. लसीमुळेच इजा झाली हे सरकार त्यात सहसा मान्य करत नाही, आणि त्या लसीबद्दलचे तुमचे पुढचे सगळे दावे संपतात. दावा मुलाच्या नावे असेल, तर पालकत्वाचा आदेश स्थानिक कोर्टातून आणावा लागू शकतो. बोलणी सुरू होताच त्याचा अर्ज करा, नाहीतर रक्कम ठरूनही पैसे अडकतात. निकाल सार्वजनिक होतो. खासगी वैद्यकीय तपशील झाकायची विनंती 14 दिवसांतच करावी लागते.