खिडकीच्या ग्रिलमधली मिरची: मुंबईच्या हवेत कुंडी भरण्यापासून तोडणीपर्यंत

मुंबईत कुंडीतलं झाड तहानेने क्वचित जातं, बहुतेकदा जातं ते मुळं कुजून. पानं मलूल दिसली की आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही हातची जातात. दोष बहुधा मातीचा असतो. नर्सरीत गोणीने मिळणारी लाल माती चिकट असते. नुसती तीच भरली तर दोन-चार पाण्यांत दबून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही.

मिरचीच्या एका रोपाला 12 इंची कुंडी लागते. एकच भांडं माप म्हणून घ्या: 3 मापं लाल माती, 3 मापं भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 2 मापं गांडूळखत, 2 मापं भाताचं तूस किंवा जाडी रेती. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट बादलीत भिजवा, फुगली की दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन पिळून घ्या, कारण त्यात अनेकदा क्षार असतात आणि त्यांनी पानांच्या कडा करपतात. चौपाटीवरची वाळू त्याच कारणासाठी नको. बांधकामाची बारीक क्रश सँडही नको, तिची भुकटी तळाशी बसून भोकं बुजवते. मिश्रण ओलसर करून मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. फुटला नाही तर तूस वाढवा, वळलाच नाही तर गांडूळखत.

कुंडीच्या तळाला बोट जाईल एवढी चार-पाच भोकं हवीत, त्यांवर नारळाच्या काथ्याचा पातळ थर पुरे. तळाशी खडी घालायची पद्धत सगळीकडे आहे, पण ती सोडून द्यावी. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, खडीच्या वरच अडून राहतं, शिवाय मुळांची तेवढी जागा जाते. त्यापेक्षा कुंडी दोन विटांवर ठेवा. आणि ग्रिलवर किती कुंड्या ठेवायच्या ते आधी ठरवा: भिजलेली 12 इंची कुंडी सहज 15 किलोंच्या वर जाते.

आता ऊन. मिरचीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. मुंबईत 15 मेच्या सुमारास सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैअखेर परततो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीत पावसाळ्यात ऊन जवळजवळ येतच नाही, पण ऑक्टोबर ते मार्च भरपूर आत येतं. मिरचीचा मुख्य हंगाम तोच धरावा. पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतरचं ऊन मिळतं, पण जून ते ऑगस्ट पावसाचा मारा थेट तिथेच बसतो. त्या महिन्यांत अळू आणि मायाळू लावा, ओल त्यांना मानवते.

बी गणपतीत पेरा. कागदी कपाला खाली भोकं पाडून वरचंच मिश्रण भरा, अर्धा सेंटीमीटर खोल दोन बिया टाका आणि कप पावसाच्या झडीपासून आत ठेवा. आठवड्या-दीड आठवड्यात अंकुर दिसतो. दोन्ही उगवले तर कमजोर रोप उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे दुसऱ्याची मुळं हलत नाहीत. चतुर्थीपासून दसऱ्यापर्यंत साधारण पाच आठवडे होतात, तोवर रोपाला पाच-सहा पानं आलेली असतात. दसऱ्याला संध्याकाळी ते कुंडीत हलवा. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे आणि लगेच ऑक्टोबर हीट सुरू होते, तेव्हा पहिला आठवडा दुपारी हिरवी जाळी लावा. सुरुवातीची फुलं उकाड्याने गळतात, घाबरून खत घालू नका. रात्री थोड्या थंड झाल्या की फळ धरतं आणि डिसेंबरात तोडणी सुरू होते.

पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी, डिसेंबर-जानेवारीत बहुधा एक दिवसाआड लागेल. देताना मात्र खालून निथळेपर्यंत द्या आणि बशीतलं पाणी ओतून टाका. डेंग्यूच्या डासांना तेवढं साचलेलं पाणीही पुरतं. खत म्हणून दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड माजतं: पानं हिरवीगार, फुलं नाहीत.

कीड ओळखताना पानाच्या कडा बघा. वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळून पान अरुंद झालं तर कोळी (माइट्स, जाळं विणणारा कोळी नव्हे). खात्री करायला शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. जेमतेम मिलिमीटरभर लांब, पिवळसर-तपकिरी रेघा पळताना दिसल्या तर ते फुलकिडे. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण. 5 मिली निंबोळी तेलात 1 मिली भांड्यांचा द्रवसाबण आधी नीट घोटा, मग लिटरभर पाणी हळूहळू मिसळा. नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारा संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने तीनदा. एवढ्याने आटोक्यात आलं नाही आणि नवा शेंडा पिवळा, आखूड येऊ लागला तर तो बोकड्या, म्हणजे पानं आकसवणारा विषाणूजन्य रोग समजा. त्यावर औषध नाही. शेजारच्या कुंड्यांत पसरण्याआधी झाड काढून टाका.

मिरची देठासकट, कात्रीने तोडा. ओढली तर फांदी मोडते. हिरव्याच वेळेवर तोडत गेलात तर नवी फुलं येत राहतात. निरोगी झाड मेअखेरीस निम्मं छाटा, वरची दोन इंच माती काढून ताजं मिश्रण भरा आणि पहिल्या पावसाआधी कुंडी छपराखाली घ्या.