किनारा, चक्रीवादळ, हवामानमापन : भूगोलाचे हे धडे कुठून सुरू करायचे

भूगोल नवीन घेतलेली मुलं हमखास विचारतात की किनाऱ्याची भूरूपं, चक्रीवादळं आणि हवामानाची उपकरणं यातलं आधी काय करू. बहुतेकांनी भूरूपं सुरू केलेली असतात, आकृत्या छान असतात म्हणून, आणि उपकरणांचा धडा सोपा समजून परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी ठेवून दिलेला असतो. मी स्वतः भूगोल घेऊन शिकले आणि आता बरीच वर्षं शिकवतेय, त्यावरून सांगते, उपकरणं आधी करा. हवेचा दाब नीट कळला नसेल तर वादळ नुसतं पाठ होतं, आणि वादळ-वारा कळला नाही तर लाटेत एवढी ताकद येते कुठून हे अर्धवटच राहतं.

पर्जन्यमापक घरी करून बघाच. सरळ बाजूंची बाटली घ्यायची, बूड सपाट नसेल तर शून्याच्या खुणेपर्यंत आधीच पाणी भरून ठेवायचं, आणि झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून नाही तर मोकळ्यावर ठेवायची. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणा, कडेला पाणी जरासं वर चढलेलं दिसतं ते सोडून मधला खोलगट भाग वाचा. आता खरी गंमत बाटलीच्या तोंडावर ठेवायच्या नरसाळ्याची. नरसाळ्याचा व्यास बाटलीच्या दुप्पट असेल तर त्याचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे बाटलीत ४ मिमी पाणी दिसलं तर पाऊस पडलाय फक्त १ मिमी. हे एकदा कागदावर आकडे मांडून पाहिलं की त्यावरचा कुठलाही प्रश्न अडत नाही. आणि १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हेही डोक्यात ठेवा, पुराच्या धड्यात कामाला येतं.

स्टीव्हनसन स्क्रीन म्हणजे तापमापक ठेवायची लाकडी पेटी, तिच्यावर प्रश्न येतोच येतो, पण त्यात वर्णनापेक्षा कारणं विचारतात. पांढरा रंग ऊन परतवायला, झडपांच्या भिंती हवा खेळती राहायला, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंची कारण तापलेल्या जमिनीचं नाही तर हवेचं तापमान हवंय, आणि उत्तर गोलार्धात दार उत्तरेला म्हणजे उघडल्यावर ऊन थेट तापमापकावर पडत नाही. ही पेटी बनवणारा थॉमस स्टीव्हनसन मूळचा दीपगृहं बांधणारा इंजिनियर, आणि लाटेचा मार किती जोराचा असतो हे मोजायचं यंत्रही त्यानेच केलं होतं, म्हणजे हे धडे वेगवेगळे आहेत हे आपल्या पुस्तकांनी ठरवलंय, त्याने नाही! वातकुक्कुट म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारं उपकरण, त्याबद्दल एवढंच की बाण वारा जिकडून येतो तिकडे तोंड करतो, पश्चिमी वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला.

आता वादळ. अटी पाठ असतात सगळ्यांना, समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम आणि तेही बऱ्याच खोलीपर्यंत, विषुववृत्तापासून निदान ५ अंश लांब, खालच्या आणि उंचावरच्या वाऱ्यात फार फरक नको. पण का ते विचारलं की गप्प. गरम पाण्याची वाफ वर जाते, थंड होऊन ढग होताना पोटातली उष्णता सोडते, त्याने हवा आणखी वर उठते, खाली दाब आणखी कमी होतो आणि आजूबाजूची दमट हवा आत ओढली जाते, असं चाक फिरत राहतं. जमिनीवर आलं की वाफेचा पुरवठा बंद, म्हणून वादळ ढिलं पडतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळवणारं कोरिऑलिस बल विषुववृत्तावर जवळपास शून्य असतं त्यामुळे आत येणाऱ्या हवेला वळणच मिळत नाही, ती सरळ येऊन कमी दाब भरून टाकते.

यात माझा आवडता भाग म्हणजे आलेख. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, एखाद्या वेधशाळेवरून गेला तर दाबाची रेषा खोल खाली जाऊन परत वर येते, आणि वाऱ्याच्या वेगाला दोन शिखरं दिसतात, मधे एकदम खड्डा. तो खड्डा म्हणजे डोळा. त्या वेळात आकाशही निवळतं, लोकांना वाटतं संपलं, बाहेर पडतात, आणि मग दुसरी बाजू उलट्या दिशेच्या वाऱ्यासकट येऊन आदळते. असा आलेख वाचता आला तर अर्धा धडा झाला समजा. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) आसपास असतो, आणि १९७९ च्या टिप नावाच्या टायफूनमधे (पॅसिफिकच्या पश्चिमेकडचं चक्रीवादळ) तो ८७० पर्यंत गेला होता, समुद्रसपाटीवर नोंदलेला सगळ्यात कमी.

दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटीमीटर फुगतो, म्हणजे १०० उतरला तर मीटरभर. पण वादळी लाटेत, म्हणजे वादळाबरोबर किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्यात, मोठा वाटा याचा नसतो, वाऱ्याने किनाऱ्याकडे रेटलेल्या पाण्याचा असतो, आणि समुद्र उथळ असला, किनारा नरसाळ्यासारखा आत निमुळता होत गेला आणि वरून भरती आली की मग विचारू नका. बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकाला हे सगळं जुळून येतं, १९७० च्या भोला वादळात तिथे ३ लाखांहून जास्त माणसं गेली. त्याच उपसागरात ओडिशाला १९९९ च्या वादळात १०,००० च्या आसपास मृत्यू आणि २०१३ च्या फायलिनला पन्नासच्या आत, हा फरक मुख्यतः वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याचा आणि लोकांना आधीच हलवण्याचा. केस स्टडीत नुसतं नुकसान लिहू नका, ही तुलना लिहा.

किनाऱ्याचा धडा मग पटकन होतो. वारा जितका जोरात, जितका वेळ आणि जितक्या लांब मोकळ्या पाण्यावरून वाहतो तितकी लाट मोठी. मिनिटाला ६ ते ८ सपाट लाटा येत असतील तर त्या वाळू वर आणून पुळण वाढवतात, १० ते १४ उभट लाटा आल्या तर ओढून नेतात. किनाऱ्यावर गेलात तर घड्याळ लावून मोजा, आणि पाण्यात एक संत्रं टाकून ते काठाने किती सरकतं ते पायांनी मोजा. लाट तिरकी चढते, पाणी उताराने सरळ खाली येतं, म्हणून वाळू नागमोडी चालत पुढे जाते, ते संत्र्यावरून दिसतं. फक्त पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही आणि भरतीचं वेळापत्रक आधी बघायचं.

लाटा खडकात गुहा कोरतात, ती आरपार गेली की कमान होते, कमानीचं छत पडलं की समुद्रात सुटा स्तंभ उरतो, ही साखळी आकृतीपेक्षा खऱ्या उदाहरणाने लक्षात राहते. माल्टाची अझूर विंडो ही कमान मार्च २०१७ मधे वादळी हवेत कोसळली. ऑस्ट्रेलियातल्या लंडन ब्रिज नावाच्या कमानीचा जमिनीकडचा भाग जानेवारी १९९० मधे पडला तेव्हा दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. शिकवताना हे सांगितलं की कोणी विसरत नाही.

किनारा संरक्षणावर मात्र 'भिंत बांधावी' एवढं लिहून सुटू नका. इंग्लंडच्या होल्डरनेस किनाऱ्यावर मऊ चिकणमाती आहे, वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर जमीन जाते. मॅपलटन गावापाशी १९९१ मधे समुद्रात दगडी बांध घातले, गावापुढे वाळू साठली, गाव वाचलं, पण दक्षिणेकडे जाणारी वाळू अडल्यामुळे तिथल्या शेतांची झीज वाढली. परीक्षेत कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान असं दोन्ही लिहा, आणि वाळू कुठल्या दिशेला सरकते तो बाण नकाशात आधी काढा, बाकी उत्तर त्या बाणावरूनच सुचत जातं.