घरासाठी वायफाय राउटर : निवड, जागा आणि जोडणी

नवा राउटर विकत घेण्यापूर्वी घरात आधीपासून काय आहे, ते नीट पाहावे. फायबरची जोडणी असल्यास सेवा देणाऱ्याने भिंतीवर लावलेली पेटी, म्हणजे ओएनटी, बहुतेक वेळा स्वतःच राउटर असते आणि वायफायही तिच्यातूनच मिळत असते. पुष्कळ घरांत तक्रार इंटरनेटची नसून त्या पेटीच्या जागेची असते. केबल आत घेणे सोपे जावे म्हणून ती मुख्य दाराशी किंवा टीव्हीच्या मागे बसवली जाते आणि आतल्या खोलीत रेंज पोहोचत नाही. याची खात्री करण्यासाठी लॅपटॉप लॅन केबलने ओएनटीला जोडून वेग मोजावा आणि नंतर आतल्या खोलीत वायफायवर मोजावा. केबलवरही पुरेसा वेग मिळत नसेल, तर राउटरवर पैसे घालण्यात अर्थ नाही, सेवा देणाऱ्याकडेच तक्रार नोंदवावी.

खरेदी करताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. ‘एसी १२००’ हा आकडा २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ एमबीपीएस यांची बेरीज करून आणि ती वरच्या शेकड्यापर्यंत वाढवून तयार झालेला असतो, आणि आपला फोन साधारणपणे एका वेळी या दोनपैकी एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर, असल्यामुळे ती बेरीज त्याच्या वाट्याला कधी येत नाही. मी स्वतः आधी मागचे पोर्ट पाहतो. कित्येक स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. अशा राउटरवर ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी घरात जेमतेम ९५ एमबीपीएस मिळतात आणि उरलेल्याचे पैसे दरमहा वाया जातात. ‘१०/१००’ असे लिहिलेले असेल तर तो राउटर सोडून द्यावा. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असे हवे. दोन्ही बँड, गिगाबिट पोर्ट आणि वायफाय ६ (वायफायची ‘एसी’नंतरची पिढी) एवढे असले की सामान्य कुटुंबाचे काम भागते. अँटेना किती आहेत, हे मोजत बसू नये.

जागेचा विचार मात्र सावकाश करावा, कारण रेंजचा बराचसा निकाल इथेच लागतो. लहरी लाकडी दारातून सहज जातात, पण आरसीसी भिंतीतील सळया, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी त्यांना अडवतात. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरांत तर ५ गिगाहर्ट्झची रेंज दुसऱ्या भिंतीपलीकडे फारशी टिकत नाही, तिथे २.४ गिगाहर्ट्झ अधिक लांब पोहोचते, पण तिचा वेग कमी असतो आणि तिला मायक्रोवेव्हचा त्रास होतो. राउटर शक्यतो घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला आमचा राउटर पुस्तकांच्या फडताळावर नेल्यावर स्वयंपाकघरातले व्हिडिओ कॉल तुटायचे थांबले. खर्च झाला तो फक्त दहा मीटर लॅन केबलचा आणि ती झाकणाऱ्या केसिंग पट्टीचा. हलवायची ती लॅन केबल. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी स्वतः ओढू नये, कारण ती तीव्र कोनात वाकली तर ओएनटीवर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागू शकतो.

जोडणीसाठी ओएनटीच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत घेणाऱ्या पोर्टमध्ये, लावावी. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर वायफायचे नाव, पासवर्ड आणि सेटिंगचा पत्ता, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, छापलेला असतो. फोनवरून हे काम करताना मोबाइल डेटा बंद ठेवावा, नाहीतर ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ असे म्हणून फोन परस्पर मोबाइल डेटावर जातो आणि सेटिंगचे पान उघडतच नाही. जुन्या ओएनटीचे काम चालू ठेवून नव्या राउटरकडून केवळ वायफाय हवे असेल, तर त्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड निवडावा, म्हणजे एकाच घरात दोन पेट्या एकाच वेळी राउटरचे काम करत नाहीत. सगळा कारभार नव्याकडे द्यायचा असेल, तर सेवा देणाऱ्याकडून ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम न करता इंटरनेट नुसते पुढे देणाऱ्या स्थितीत, करून घ्यावे लागते आणि पीपीपीओईचे, म्हणजे सेवा देणाऱ्याकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचे, युजरनेम व पासवर्ड लागत असल्यास तेही मागून घ्यावे.

त्यानंतर सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलावा, वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ ही पद्धत किंवा डब्ल्यूपीए२ व ३ मिळून असलेला पर्याय ठेवावा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करावे आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरमधले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे. स्मार्ट बल्ब, जुना प्रिंटर अशा वस्तू सहसा २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात, म्हणून तो बँड बंद करू नये. इमारतीत शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असेल, तर त्या बँडवर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा, कारण एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनेल हे तीनच आहेत.

वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेता येतो. घेण्यापूर्वी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. त्यावर राउटर आणि ओएनटी दोन्ही जोडावे लागतात. केवळ राउटर जोडला तर अंधारात त्याचे दिवे लुकलुकत राहतात, फोनवर वायफायची पूर्ण रेंज दिसते आणि इंटरनेट मात्र नसते.