संकल्प वर्षाचा नाही, नक्षत्राचा

वर्षभराचा संकल्प मोडतो, कारण वर्ष फार लांब असतं. आज राहिलं तरी डिसेंबर दूरच दिसतो.

आमच्या औशाकडे पेरणीचं गणित नक्षत्रावर चालतं. मृग ७ जूनच्या आसपास लागतं, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. सूर्य वर्षात २७ नक्षत्रं फिरतो, म्हणजे एकेक साधारण १३-१४ दिवसांचं. मी तेच माप धरलं.

एका नक्षत्रात एकच काम. मृगात फक्त रात्री जेवल्यावर मारुतीच्या पारापर्यंत चालणं. ‘वजन कमी करायचं’ असं मोघम लिहायचं नाही. काय करायचं तेच लिहायचं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नक्षत्र कधी लागतं ते छापलेलं असतंच. त्या चौकोनात काम लिहिलं, झालेल्या दिवशी निळी फुली.

आर्द्रात बिनसाखरेचा चहा काही जमला नाही. तो पुढे ओढला नाही. पाऊस लांबला की शेतकरी मूग-उडीद सोडून तूर धरतो. तसं मी पुनर्वसूत साखर निम्मी केली. ती जमली, आजही तशीच आहे.

नोकरीवाल्यांनाही हे माप जमतं, पगाराच्या महिन्यापेक्षा बरं. महिन्याचे पहिले दिवस हिशेबातच जातात.

आता पुष्यात पहाटेचं वाचन घेतलंय. सध्या दहा पानं.