चीन रेल्वेने बघायचा तर हार्ड स्लीपर घ्या

बुलेट ट्रेनने शहरं दिसतात, देश दिसत नाही. मध्य चीनमधल्या शीआनहून पार पश्चिमेच्या उरुमचीला जायचं तर मी साधी गाडीच धरते: लांझोउ शहर, मग हेशी कॉरिडॉर हा डोंगर आणि वाळवंटामधला अरुंद पट्टा, एका बाजूला चीलियान पर्वत, पुढे गोबीचं वाळवंट.

तिकीटविक्री 15 दिवस आधी उघडते. सुट्ट्यांत, विशेषतः 1 ऑक्टोबरच्या, म्हणजे चीनच्या राष्ट्रीय दिनाच्या आठवड्यात, जाऊच नका. पासपोर्ट हेच तुमचं तिकीट. ऑटोमॅटिक गेटने तो वाचला नाही तर माणूस उभा असलेल्या रांगेत जा. सामान स्कॅन होतं, म्हणून सुरी नको.

हार्ड स्लीपर म्हणजे आपला थ्री-टियर, पण गादी-पांघरुणासह. खालचा बर्थ महाग, आणि दिवसभर त्यावर सगळा डबा बसतो. वरचा स्वस्त, पण ताठ बसता येत नाही. मला मधला आवडतो.

डब्याच्या टोकाला उकळतं पाणी फुकट मिळतं. शाकाहारी असाल तर इन्स्टंट पोहे, उपम्याची पाकिटं आणि झाकणाचा स्टीलचा डबा न्या. तिथल्या कपनूडल्समध्ये बहुधा मांसाचा अर्क असतो. टॉयलेट पेपर स्वतःचा.

घड्याळ देशभर बीजिंगचंच. म्हणून पश्चिमेला उन्हाळ्यात उरुमचीत रात्री साडेनऊलाही उजेड असतो, तेव्हा हॉटेल शोधायची घाई नको.