जुनी पोर्शे ९११ तापते तेव्हा या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत चढला, की जुनी ९११ बाळगणाऱ्याचे लक्ष रस्त्यापेक्षा तेलाचे तापमान दाखवणाऱ्या काट्याकडेच अधिक असते. १९९८ पर्यंतच्या या गाड्यांत रेडिएटरचे पाणी नसते. इंजिनाची सारी भिस्त हवेवर आणि तेलावर. कन्नडच्या औट्रम घाटात वाहनांच्या मागे रांगत चढताना काटा वर जाणारच. वर आल्यावर मोकळ्या रस्त्यावरही तो खाली उतरत नसेल, तर मात्र कारण शोधावे.

बहुतेकांची पहिली चूक म्हणजे काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणे. सेन्सर दुसऱ्याच मॉडेलचा बसवलेला असेल किंवा अर्थिंग कच्चे असेल, तर काटा खोटे सांगतो. म्हणून तेलाच्या नळीचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पडताळावे. चकचकीत धातूवर हे यंत्र कमी आकडा दाखवते, तेव्हा नळीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा. खरोखरच १२० अंश भरले, तर गाडी थांबवावी.

तेल थंड इंजिनावर मोजणे ही दुसरी चूक. तेलाची टाकी इंजिनापासून वेगळी असते आणि उभ्या गाडीत तेल हळूहळू इंजिनात उतरते, त्यामुळे डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) कोरडी दिसते आणि मालक घाबरून लिटरभर तेल ओततो. पुढे तेच जादा तेल हवेच्या नळीत शिरते आणि मागे निळा धूर निघतो. इंजिन पूर्ण तापलेले, संथ चालू आणि गाडी सपाट जागी असतानाच माप घ्यावे.

आपल्याकडे खरी मेख बहुधा पुढच्या उजव्या मडगार्डमधील ऑइल कूलरमध्ये, म्हणजे तेल गार करणाऱ्या जाळीत असते. जालना-परभणीकडे वेचणीच्या हंगामात उडणारा कापूस पात्यांत अडकतो, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि एखादी सर पडली, की गिलावा केल्यासारखा थर धरतो. तो मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने सोडवावा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात. भरपूर चालवूनही कूलरच्या दोन्ही नळ्या गार राहिल्या, तर ८५ अंशांच्या आसपास उघडून तेल कूलरकडे सोडणारा थर्मोस्टॅट अडकला आहे, हे ओळखावे.

चार्जिंगचा लाल दिवा लागला, की ‘बॅटरीचे काहीतरी असेल’ म्हणून पुढचे गाव गाठणे ही सर्वांत महागडी चूक होय. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनावर हवा मारणाऱ्या पंख्याच्याच मध्यभागी असतो आणि साधारण १९८९ पर्यंतच्या गाड्यांत दोघांना एकच पट्टा फिरवतो. तो तुटला, तर हवाही बंद होते. वर्षभर गोदामात उभ्या असलेल्या एका गाडीच्या पंख्यामागून आम्ही सरकी आणि गोणपाटाचे धागे काढले होते. उंदराने घरच थाटले होते. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबराची पट्टी जागेवर आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे, कारण फटीतून खालची गरम हवा पुन्हा पंख्यात ओढली जाते.

एवढे ठीक असूनही काटा चढत असेल, तर ठिणगीचे टायमिंग आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावे.