पंधरा दिवस लाइट नसेल तर: कोकणातल्या घरासाठी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे पोल रांगेने आडवे झाले. कित्येक वाड्यांना लाइट यायला महिना लागला. वर्ष उलटायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि पुन्हा तीच गत. त्यामुळे इथल्या घराने तयारी करायची ती निदान पंधरा दिवसांची, आणि पाण्यापासून सुरुवात करायची. टॉर्च, मेणबत्त्या, पॉवरबँक सगळे आणतात. विहिरीवर राहाट, म्हणजे दोराने पाणी ओढायचं चाक, फार थोडे बसवतात, आणि तिसऱ्या दिवशी टाकी संपली की घर अडतं ते तिथेच.

एवढा वेळ का लागतो हे कळलं तर अंदाज बांधता येतो. वीज सबस्टेशनमधून ३३ केव्ही आणि ११ केव्हीच्या लाइनींवर येते, मग डीपीवर (वाडीजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर), आणि डीपीपासून घरापर्यंत कमी दाबाच्या तारांवर. दुरुस्तीही याच क्रमाने होते. वरचं जोडल्याशिवाय खालचं जोडून उपयोग नाही. आंबा किंवा फणस लाइनीवर पडला की एका पोलावर भागत नाही, तारेच्या ओढीने शेजारचेही वाकतात, आणि नवे पोल आणणारा ट्रक त्याच पडलेल्या झाडांमुळे रस्त्यात अडकतो. बागेतून तीन-चार पोल आत असलेलं घर सगळ्यात शेवटी. म्हणून तालुक्याला लाइट आल्याचं ऐकून उद्याची आशा धरू नका. आपल्या डीपीपर्यंत आली का, एवढंच विचारा.

पाणी

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर, आंघोळ-भांडी-संडास धरून २० लिटर. चार माणसांच्या घराला रोज ८० लिटर, म्हणजे १० लिटरच्या कळशीने आठ खेपा. गोठ्यात दोन गाई असतील तर त्यांचंच आणखी १०० लिटर धरा. हा हिशेब आधी कागदावर मांडा, कारण गुरं असलेल्या घराला नुसत्या साठवणीच्या पाण्यावर राहताच येत नाही.

मोटार बसल्यावर विहिरीवरचा राहाट काढून टाकला असेल तर मे संपायच्या आत तो परत बसवा. चाकाच्या आसाला ग्रीस भरा, खांब हलवून बघा. दोर विहिरीच्या खोलीपेक्षा दहा फूट जास्त घ्या आणि जाडी निदान १२ मिलिमीटर. नायलॉनची बारीक दोरी स्वस्त पडते, पण ती ओल्या हातातून सुटते आणि तळवे कापते. प्लास्टिकची बादली नको. भरल्यावर तिचा कान तुटतो. तांब्या-पितळेची कळशी किंवा पत्र्याची बालदी घ्या.

कळशीच्या गळ्याला सरफास घालतात, तो ओढ असेपर्यंतच घट्ट असतो. कळशी पाण्यावर टेकली की दोर ढिला पडतो, फास सैल होतो, आणि कळशी कलंडताना गळ्यातून निसटून तळाशी जाते. म्हणून फास ओढून घेतल्यावर उरलेल्या टोकाने मुख्य दोराभोवती आणखी दोन वेढे घेऊन गाठ मारा. तरीही कळशी जाते कधी कधी, तेव्हा लोखंडी गळ घरात हवा. विहिरीत मोटारीचा पाइप आणि केबल लटकत असेल तर ती एका कडेला बांधून घ्या, नाहीतर कळशी दर खेपेला त्यात अडकेल.

ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांना हा मार्ग नाही. बोअरच्या तोंडातून कळशी जात नाही आणि आत सबमर्सिबल असताना हातपंपही बसत नाही. त्यांनी उघडी विहीर असलेल्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावं, किंवा जनरेटरची सोय करावी.

वादळाचा इशारा आला की त्याच दिवशी टाकी काठोकाठ भरा, शिवाय २०० लिटरचा एक पिंप फक्त पिण्याच्या पाण्याचा. वापरायच्या पाण्यासाठी पागोळ्यांखाली पिंपं लावा. १०० चौरस फूट छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ९० लिटर पाणी मिळतं. जूनमध्ये एक सर पुरते. पहिल्या सरीचं पाणी कचऱ्याचं असतं, ते वाहून जाऊ द्या. हे पाणी संडास, भांडी, गोठ्याची धुलाई यासाठीच. प्रत्येक पिंपावर सुती कापड ताणून बांधा आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामा करून घासा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि पंखा बंद असतो त्या आठवड्यात तो जास्तच चावतो. मच्छरदाण्या माणशी मोजून ठेवा.

वादळानंतर विहिरीत पालापाचोळा आणि वरचं पाणी उतरतं. आधी कचरा काढा, मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका. मात्रा १००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी असं मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले ७८५, उत्तर लिटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर, त्याला ७० ग्रॅम पावडर. पावडर थेट विहिरीत भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घाला, ढवळून दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. तासाभराने पाणी वापरा. डबा बरेच दिवस उघडा असेल आणि पावडरीला उग्र वास राहिला नसेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेला आहे, ती उपयोगाची नाही. पाण्याला घाण वास किंवा रंग असेल तर नेहमीच्या मात्रेवर विसंबू नका, आरोग्य केंद्राला कळवा. पिण्याचं पाणी तरीही गाळून, खळखळून उकळूनच प्या.

जनरेटर

एक अश्वशक्तीची मोटार चालू होताना चालत्या करंटच्या कित्येक पट करंट ओढते, म्हणून तिला २ केव्हीएचा जनरेटर बहुतेकदा उचलत नाही. ३ केव्हीए घ्या, आणि मोटार सुरू करताना बाकी सगळं बंद ठेवा. मधली केबल तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटरची. घरातली बारीक एक्स्टेन्शन लावली तर विजेचा दाब कमी होतो, मोटार नुसती घुमते पण फिरत नाही. अशी मोटार काही सेकंदांत बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं. अशा जनरेटरला तासाला लिटर-दीड लिटर पेट्रोल लागतं. प्रत्येक घराने वेगळा घेण्याची गरज नाही. हजार लिटरची टाकी अर्ध्या-पाऊण तासात भरते, तेव्हा तीन-चार घरांनी मिळून एक घ्यावा आणि दिवसाआड पाळी लावावी. पेट्रोल कॅनमध्ये, स्वयंपाकघरापासून लांब. इंजिन गार झाल्याशिवाय ते भरायचं नाही. हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. जुनं पेट्रोल आत चिकट होऊन बसतं आणि पुढच्या जूनमध्ये जनरेटर सुरूच होत नाही.

आता जिवाच्या दोन गोष्टी.

पहिली: पावसात भिजू नये म्हणून जनरेटर पडवीत, ओटीवर किंवा मांगरात (बागेतल्या खोपीत) ओढून घेतला जातो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेली माणसं झोपेतच जातात. जनरेटर घराच्या खिडक्या-दारांपासून निदान सहा मीटर लांब, वर आडोसा आणि चारही बाजू उघड्या, असाच ठेवा.

दुसरी: दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडू नका. तुमचे २३० व्होल्ट मीटरमधून उलटे डीपीत जातात, डीपी ते चढवून ११,००० व्होल्ट करते, आणि मेलेली समजून लाइन हातात धरलेला लाइनमन पोलावर मरतो. मेन स्विच बंद करायचं लक्षात राहील, यावर कोणाचा जीव टांगू नये. चेंजओव्हर स्विच बसवा, तो एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडतो. तो नसेल तर मोटारीची वायर बोर्डातून सोडवून थेट जनरेटरला जोडा.

इन्व्हर्टर आणि सोलर

१२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉटतास असतात; बॅटरी न मारता हजारच हाती येतात असं धरा. साधा पंखा ७५ वॉट खातो, म्हणजे दोन पंखे लावले की एका रात्रीत खेळ संपला. त्याऐवजी ९ वॉटचे तीन दिवे संध्याकाळी चार तास आणि दोन मोबाइल एवढंच चालवलं तर रोजचे सुमारे १४० वॉटतास होतात. पण इथे एक चोर आहे: काहीही लावलेलं नसलं तरी इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा वॉट खात राहतो. चोवीस तास चालू ठेवलात तर बॅटरी अडीच दिवस टिकत नाही. काम झाल्यावर पुढचं बटण बंद केलंत तर पाच दिवस जाते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर मेमध्येच भरून घ्या. पूर्ण उतरलेली बॅटरी आठवडाभर तशीच पडली की तिचं आयुष्य कायमचं घटतं, म्हणून इन्व्हर्टर पहिला इशारा देईल तिथेच थांबा.

छपरावर ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनीला जोडलेला, सोलर असेल तर लाइट गेल्यावर तोही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. लाइनमनच्या सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो. बॅटरीसकट हायब्रिड असेल तरच उपयोग. सुटं १०० वॉटचं पॅनेल आणि छोटी बॅटरी चांगली सोय आहे, मात्र पावसाळी आभाळात रोजचे १०० वॉटतासही मिळतीलच असं नाही.

स्वयंपाकघर

फ्रिज न उघडता चार तास, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. आधी दूध-मासे संपवा. खरी अडचण वेगळीच असते: गिरण बंद, मिक्सर बंद. आगोटीची (पावसाळ्याआधीची) बेगमी करताना तांदळाचं पीठ आणि कुळथाची पिठी दळूनच ठेवा, धान्य नव्हे. पिठी-भात, पोहे, सुकट, कोकमाची कढी यांना फ्रिज लागत नाही आणि गॅसही थोडा लागतो. दुसरा सिलिंडर भरलेला हवा. पाटा-वरवंटा विकला नसेल तर तो धुऊन घ्या.

औषधं

वापरात असलेलं इन्सुलिन २५-३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. नेमका काळ त्या इन्सुलिनच्या कागदावर बघा. मातीच्या मोठ्या भांड्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. हे वाऱ्याच्या जागी ठेवा. बर्फाला थेट लावू नका. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो ३००-४०० वॉट खातो, घरचा इन्व्हर्टर त्याला दोन-तीन तासच पुरेल. १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास जातो. अशा रुग्णाला वादळाचा इशारा येताच, रस्ते बंद व्हायच्या आधी, जनरेटर असलेल्या दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे हलवणं हाच शहाणपणा आहे.

फोन आणि पैसे

मोबाइल टॉवर काही तास बॅटरीवर, मग डिझेलवर. रस्ता बंद, डिझेल बंद, टॉवर बंद. रेंज नसताना फोन ती शोधत बसतो आणि बॅटरी संपवतो; एअरप्लेन मोडवर ठेवा आणि ठरलेल्या वेळीच, सकाळी-संध्याकाळी दहा मिनिटं, उघडा. कॉल लागत नसला तरी एसएमएस कधी कधी जातो. मुंबई-पुण्यातल्या मुलांना ती वेळ आधीच सांगून ठेवा, म्हणजे दिवसभर त्यांचा जीव टांगणीला लागणार नाही. एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद असतात, म्हणून १०, २०, ५०, १०० च्या नोटांत पंधरा दिवसांचा खर्च घरात हवा. सेलवर चालणारा रेडिओ आणि त्याचे जादा सेल विसरू नका.

लाइट परत येताना

पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, ती मेलेली वाटली तरी. दहा मीटर लांब राहा, गुरं सोडू नका, महावितरणला १९१२ वर कळवा. तारेच्या जवळ आलाच असाल तर पावलं न उचलता, पाय जुळवून सरकत मागे या; पावलांमधलं अंतर वाढलं की जमिनीतूनच झटका बसतो.

लाइट गेल्यापासून मेन बंद ठेवा. आली की फक्त एक दिवा लावा. दिवा भगभगीत पेटला किंवा कमी-जास्त होत राहिला तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो आणि घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. लगेच मेन पाडा आणि वायरमनला बोलवा. पंधरा मिनिटं नीट राहिला तर फ्रिज, मग मोटार. बोर्ड पाण्यात बुडाला असेल तर वायरिंग तपासून घेईपर्यंत मेन उचलूच नका.

विहिरीच्या काठावरची मोटार इतके दिवस बंद असली की फूटव्हॉल्व्हमधून (पाइपच्या तळाच्या झडपेतून) पाणी उतरून गेलेलं असतं. वरून पाणी ओतून पाइप भरा, मगच चालू करा, नाहीतर कोरडी फिरून सील जळतं. पंप थ्री फेज असेल, मोटार छान फिरत असेल आणि तरी पाणी येत नसेल, तर लाइन जोडताना फेज उलटे लागले आहेत आणि मोटार उलटी फिरते आहे. स्टार्टरमधल्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी वायरमनकडून अदलाबदल करून घेतल्या की पाणी चढतं.